जंगलावर हस्तिदंती

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

निर्णय झाला. मागच्या खोलीतल्या वॉलपेपरवर रंग द्यायचा.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःबद्दलच शंका नको. चौदा ऑक्टोबरला पीएच.डी.चा प्रगती सेमिनार आहे. ऑनलाइन. मुदतवाढ ही शेवटचीच. गेल्या खेपेला मी त्या खोलीत बसून बोललो आणि माझ्यामागे भिंतभर जंगल. लाल पानांची झाडं, ओढा, ओढ्यावर लाकडी पूल. समितीतल्या एका सरांनी विचारलं, आपण परदेशात आहात का. बाकीचे हसले. गाईड मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं, पुढच्या वेळी मागे काहीतरी साधं असू द्या.

लॅपटॉपमध्ये खोटं बॅकग्राउंड लावता येतं, हे मला माहीत आहे. पण विषय नीतिशास्त्राचा आणि मागची भिंत खोटी, हे मनाला पटेना.

हॉलमध्ये टीव्ही. बेडरूममध्ये माझ्या बायकोचं, प्रतिभाचं कपाट, कपाटाला आरसा, आरशात माझं टक्कल. राहिली मागची खोली. तिथे सासूबाई असतात.

सासूबाई आमच्याकडे राहतात. (फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. ही कागदोपत्री बाब.) वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात. आठ दिवस हॉलमधल्या दिवाणावर झोपतील. यात माझा स्वार्थ आहे का, यावर चहा गार होईपर्यंत विचार केला. नाही, असं उत्तर आलं.

प्रबंधाचा विषय: परावलंबी वृद्धांची काळजी आणि कुटुंबाची नैतिक जबाबदारी. सहावं वर्ष.

९ सप्टेंबर. रात्री

सासूबाईंना सांगितलं. त्यांचा विरोध गृहीत धरून तयारी केली होती. सासरे रेल्वेत गार्ड होते. इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये भिंतींना बारा महिने हिरवं शेवाळ. नाशिकला फ्लॅट घेतल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी हा कागद स्वतःच्या हातांनी चिकटवला. तेव्हा, वस्तूंमध्ये भावना गुंतवण्याबद्दल मी तीन मुद्दे काढून ठेवले होते.

एकही वापरावा लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "कागदाचं मला काही नाही, महेशराव. एकवीस वर्षं तो पूल बघतेय, अजून एक माणूस त्यावरून गेला नाही. मला संडास जवळ हवा, एवढंच."

त्या खोलीला संडास जोडून आहे. कमोड, आणि धरायला भिंतीत दांडा. पॅसेजमधला दुसरा देशी आहे, वर चढायला अर्धा फूट पायरी. तो त्यांना जमत नाही. मी म्हणालो, खोली तुमचीच आहे, रंग ओला असला तरी संडासला कधीही जा. 'कधीही' हा शब्द मी दोनदा वापरला.

प्रतिभा सातपूरच्या कंपनीतून साडेसहाला आली. म्हणाली, आठ दिवस म्हणजे आठच ना? स्वरात थोडा अविश्वास जाणवला. मार्च नसतानाही अकाउंट्सवाल्यांना ताण असतो.

११ सप्टेंबर

पितृपक्षात पेंटर मोकळे असतात. लोक शुभ-अशुभ पाहतात, मी पाहत नाही. दिंडोरीहून पुंजाराम पेंटर आला. कोपऱ्यात नख घालून कागद उचलून पाहिला. म्हणाला, "ह्यो प्लास्टिकचा कागद हाय साहेब. पाणी मारून समदा खरवडावा लागंल. दोन दिस. मंग लांबी, म्हंजी पुट्टी, भरू, प्रायमर मारू, मंग रंग."

मी म्हणालो, काढायचा नाही, वरूनच रंगवायचा.

"कागदावर मी रंग नाय मारत. पोपडं आलं का लोक माझं नाव घेत्यात."

मी त्याला समजावलं की काढणं म्हणजे नष्ट करणं, झाकणं म्हणजे नष्ट करणं नव्हे. शिवाय खरवडताना धूळ उडते, आजींना खोकला होईल. पुंजारामने वळून सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमाला खोकला हाय का?"

सासूबाई म्हणाल्या, "आजपासून आहे."

चहा पिऊन तो गेला.

१२ सप्टेंबर

मी स्वतः रंगवणार. चार तास व्हिडिओ पाहिले, अकरा पानं टिपणं काढली. गेल्या दोन महिन्यांत सलग इतकं लिहिलं नव्हतं. शुभलक्षण.

दुकानदाराने विचारलं, सिमेंटच्या भिंतीला ना? मी हो म्हणालो. कागदामागे सिमेंटचीच भिंत आहे. तरी रस्ताभर टोचत राहिलं.

रंग: हस्तिदंती.

घरी यायला अडीच वाजले. आज सासऱ्यांची तिथी होती, हे लक्षात नव्हतं. पानं मांडून दोघी थांबल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "कावळा कधीच जेवून गेला. तुमचंच राहिलं होतं."

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४

सासूबाई हॉलमध्ये. त्यांची कॉट सोडवून गच्चीवर नेली, वर प्लास्टिक टाकलं. पहिला हात मारून झाला. जंगल गेलं. पूल गेला. दारात उभं राहून बराच वेळ पाहत होतो. एक माणूस, एक रोलर, एक निर्धार.

सासूबाईंना मध्येच जावं लागलं. जमिनीवर पसरलेल्या पेपरांवरून वॉकर नेताना बादली थोडी हिंदकळली. मी फक्त श्वास सोडला. त्या म्हणाल्या, "सावकाश सोडा, रंग उडेल."

१४ सप्टेंबर. सकाळी

पानं परत आली. रात्रीत कागदाचा लाल रंग वर फुटला आहे. भिंत गुलाबी, त्यात लाल ठिपके, मधोमध पुलाची तपकिरी सावली. प्रतिभा दारातून म्हणाली, "भिंतीला गोवर आलाय." शिवाय फुगे आले आहेत. एकूण सव्वीस. टाचणीने एकेक फोडून आतली हवा दाबून काढली. या कामात ध्यानासारखी एकाग्रता लागते. माझ्यात ती आहे, हे नव्याने कळलं.

१८ सप्टेंबर

दुसरा हात. ठिपके फिके. फुगे एकोणीस.

टेबल, खुर्ची आणि पुस्तकांची दोन खोकी आत आणली. उजेड कसा पडतो, फक्त तेवढं पाहायला.

१९ सप्टेंबर

उजेड चांगला पडतो. दार लावलं की टीव्हीचा आवाजही येत नाही. पण दर दीड-दोन तासांनी टकटक होते आणि विचाराचा धागा तुटतो. सासूबाईंचा दोष नाही, वयाचा आहे. म्हणून दोघांच्या सोयीचं एक वेळापत्रक दारावर लावलं. संडाससाठी: सकाळी ९ ते १०.३०, दुपारी १२.३० ते १, मग ४ नंतर. अक्षर मुद्दाम मोठं काढलं, चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून. काळजी अशा बारीकसारीक गोष्टींतच असते. हे वाक्य प्रबंधात घ्यावं.

सासूबाईंनी पूर्ण वाचलं. म्हणाल्या, "गाडी स्टेशनात उभी असेपर्यंत संडास वापरू नये, अशी पाटी असायची डब्यात. ह्यांच्या नोकरीत मी तेवढं पाळलं. तुमचं स्टेशन किती मोठं आहे, महेशराव?"

मी हसलो. विनोदबुद्धी शाबूत असणं हे स्वास्थ्याचं लक्षण.

२१ सप्टेंबर

आठ दिवस पूर्ण. भिंत पूर्ण नाही. स्वतःला विचारलं, मी वचन मोडतो आहे का? नीट पाहता, मुदत हे वचन नसून अंदाज असतो. अंदाज चुकतो, मोडत नाही. प्रतिभाला हे समजावून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ऐकलं."

आणखी आठ दिवस.

२६ सप्टेंबर

घरकामाला येणाऱ्या ठमाबाईंनी आज एक निरीक्षण सांगितलं. "आजी पानी पीत नाय सर. सकाळी तांब्या भरून ठिवते, जाताना तसाच भरेल हाय. बोलतात, प्यालं का जावं लागतं."

मला हे फार मोलाचं वाटलं. तडक आत जाऊन लिहायला बसलो. उपशीर्षक: परावलंबी व्यक्तीचं आत्मनियमन. काळजी घेणाऱ्यावर भार पडू नये म्हणून वृद्ध व्यक्ती स्वतःच्या गरजा स्वेच्छेने मर्यादित करते, आणि यातून तिची प्रतिष्ठा टिकते. दीड पान. या वर्षातलं सर्वोत्तम लेखन.

बाहेर येऊन सासूबाईंना विचारलं, पाणी आणू का? म्हणाल्या, "किती वाजले?" पावणेतीन. "मग नको."

२ ऑक्टोबर, दसरा

लॅपटॉप, प्रबंधाची फाईल, ब्रश आणि रोलर यांची पूजा केली. सासूबाईंना कालपासून ताप आहे, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलं. भरपूर पाणी प्यायला द्या, म्हणाले.

संध्याकाळी प्रतिभाने विचारलं, आईला खोली कधी देतोस? मी म्हणालो, सेमिनार झाला की लगेच. तिने विचारलं, रंग वाळला नाही का? वाळला आहे. मग? मी सांगितलं, आता हलवाहलव केली तर भिंतीला ओरखडे पडतील. ती उठून आईच्या कपाळावर पट्टी ठेवायला गेली. पटलं असावं.

वेळापत्रकात दुपारी ३ ते ३.१५ ही वेळ वाढवून दिली. आपण होऊन.

५ ऑक्टोबर

गच्चीवर पाऊस झाला. प्लास्टिक उडून गेलं होतं. कॉटचं प्लायवूड फुगून पुस्तकासारखं उलगडलं आहे. पावसाची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही.

म्हणजे खोली आज रिकामी केली असती, तरी सासूबाईंना झोपायला कॉट नव्हती. हा विचार आल्यावर हलकं वाटलं. लगेच स्वतःला विचारलं, हलकं वाटणं योग्य आहे का? पण तोवर वाटून गेलं होतं.

९ ऑक्टोबर

तिसरा हात. कागदाच्या जोडांवर लांबी भरून घासली. भिंत गुळगुळीत, शांत, हस्तिदंती. एका कोपऱ्यात, छताजवळ, बोटभर कागद सुटला होता. खोक्याची चिकटपट्टी लावली, तिच्यावर रंग. कॅमेऱ्यात दिसत नाही.

पुंजारामला भिंतीचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. मग लिहिलं, हात लावू नका.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १.४०

सर्व तयार. शर्ट निळा. मागे भिंत, फक्त भिंत. दोनला सुरू.

प्रतिभाने ठमाबाईंना आज तीनपर्यंत थांबायला सांगितलं होतं. पण त्या आणि सासूबाई बोलू लागल्या की आवाज आतपर्यंत येतो. ठमाबाईंना एक वाजताच सुट्टी दिली. त्यांचंही वय झालं आहे.

सासूबाईंना विचारलं, जाऊन येता का? म्हणाल्या, "आत्ता नाही लागलेली." विचारलं होतं, याची नोंद असावी. कडी लावतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७. हॉस्पिटल, तळमजला

जसं घडलं तसं लिहितो.

दोनला सुरू झालं. मी बारा मिनिटं बोललो, उत्तम बोललो. आत्मनियमनाचा मुद्दा आला तेव्हा दारावर टकटक झाली. मी थांबलो नाही. परत टकटक. मग वॉकरचा आवाज लांब गेला. पॅसेजकडे. मग काहीतरी पडल्याचा आवाज.

मग हाक. "महेशराव."

समितीतले एक सर म्हणाले, तुम्हाला कोणी बोलावतंय का? मी म्हणालो, "शेजारचा टीव्ही आहे सर."

(टीव्ही त्या वेळी खरोखरच चालू होता. आमचा. म्हणजे विधानातला 'टीव्ही' हा भाग असत्य नव्हता.)

पुढे बोलू लागलो. "महेशराव" अजून तीनदा आलं. चौथ्यांदा नुसतं "अहो" आलं. गाईड मॅडम म्हणाल्या, महेश, बघून या, आम्ही थांबतो. मी म्हणालो, नको मॅडम, मुद्दा संपवतो.

तेवढ्यात मागे फाटल्यासारखा लांबलचक आवाज झाला. चिकटपट्टी सुटली असावी. सबंध कागद, तीन हात रंग आणि लांबीसकट, छतापासून खाली आला. हळू आला, त्यामुळे सगळ्यांना पाहता आला. माझ्या डोक्यावरून टेबलावर पसरला. मी आत होतो. बाहेरून सरांचा आवाज ऐकू येत होता, "हॅलो, ऐकू येतंय का?"

मी कागदाखालूनच निष्कर्ष वाचला. पाठ होता.

बाहेर आलो तेव्हा दोन सत्तावीस. सासूबाई देशी संडासच्या पायरीपाशी कुशीवर पडल्या होत्या. साडी ओली झाली होती. एक पाय विचित्र दिशेला. मला पाहून म्हणाल्या, "झालं का तुमचं?"

मी हो म्हणालो.

खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन. प्रतिभा आली, माझ्या केसांतली लांबी पाहिली, वर गेली. एका पेशंटजवळ एकच माणूस सोडतात. म्हणून मी खाली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ऑपरेशन होऊन गेलं, आत रॉड टाकला. घरी मी एकटा. पणत्या लावल्या नाहीत. लावाव्यात की नाही, ठरेना.

मी दोषी आहे का, या प्रश्नावर दोन रकाने आखले. दोन्हीकडे सात-सात मुद्दे आले. मग लक्षात आलं, उजवीकडचे, म्हणजे 'नाही'चे, चार हा एकच मुद्दा आहे, वेगवेगळ्या शब्दांत. तो खोडला नाही. फक्त लक्षात आलं.

प्रतिभाला फोन केला. विचारलं, डबा आणू का? म्हणाली, मंजुषा आणते. मंजुषा वरच्या मजल्यावर राहते. मला तिने कधी डबा विचारला नाही, याचंही आत्ताच लक्षात आलं.

२९ ऑक्टोबर

समितीचा ईमेल. नोंदणी पुढे चालू ठेवण्याची शिफारस नाही. सोबत अभिप्राय: 'विषयाची मांडणी अभ्यासपूर्ण. मात्र उदाहरणे प्रत्यक्ष अनुभवातून आलेली वाटत नाहीत.'

हे अन्यायाचं आहे.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो, त्या कॉलेजचाही फोन आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझे तास नव्या मुलीला. तिची पीएच.डी. झाली आहे.

३१ ऑक्टोबर

प्रतिभाने पुंजारामला बोलावलं होतं. दीड दिवसात उरलासुरला कागद खरवडून भिंत धुऊन गेला. रंग मारू का म्हणाला, ती नको म्हणाली. मी चहा दिला. जाताना एवढंच म्हणाला, "आजींना सांगा, पुंजा येऊन गेला."

माझं टेबल हॉलमध्ये. मी दिवाणावर. दिवाणाची उंची माझ्यासाठीही कमी आहे. उठताना गुडघ्यावर जोर येतो.

१ नोव्हेंबर

सासूबाई घरी आल्या, त्यांच्या खोलीत. भाड्याचा हॉस्पिटल-बेड. डॉक्टर म्हणाले, या वयात परत चालतीलच असं नाही. त्यामुळे संडासपर्यंत जाण्याचा प्रश्न उरला नाही. तो आता दिवसभर मोकळा असतो, दार उघडंच.

साडेआठला प्रतिभा जाते. त्यानंतर पॉट देणं, घेणं, पुसणं, कूस बदलणं माझ्याकडे. माझ्याइतकं घरी दुसरं कोणी नाही.

पहिल्या वेळी मी तोंड फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "इकडे बघून करा. सांडेल."

४ नोव्हेंबर

पॉट पाच वेळा. एकदा उशीर झाला, चादर बदलावी लागली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या, मेणकापड नीट घाला."

पाणी आता भरपूर पितात. रात्री प्रतिभा, दिवसा मी.

कधीकधी समोरच्या नुसत्या सिमेंटकडे बघत पडलेल्या असतात. मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "भिंत."

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ठमाबाई भांडी घासताना म्हणाल्या, "सर, तुमी आता घोर लावून घेऊ नका. आजींनी तुमचं काम केलं." चांगली बातमी म्हणून सांगत होत्या.

झालं असं. काल प्रतिभा आईला म्हणाली, मी त्याला जायला सांगते, तुझ्या घरात नको मला तो. ठमाबाई पाय चेपत होत्या, त्यांनी ऐकलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "नको गं घालवू. पगारी बाई ठेवलीस तर दोन महिन्यांत सोडून जाईल. याला जायला कुठे जागाच नाही."

वाक्य कठोर आहे. पण त्यात तर्काची चूक सापडली नाही. अर्धा तास शोधली.